उसनी चाल

माझा नवरा दोन वर्षांनी पहिल्यांदा उठून चालला, तेव्हा तो सानिका लोहारसारखा चालला.

मिरजेच्या इस्पितळातल्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही उभे होतो. डॉक्टर इनामदारांनी अजिंक्यच्या कमरेला बांधलेल्या डबीचं बटण दाबलं, त्याचे हात सोडले आणि म्हणाले, "चला पोवार, बायकोपर्यंत या." तो निघाला. नर्सबाई टाळ्या वाजवायला लागल्या. मी त्याच्या पायांकडं बघत होते. उजवं पाऊल लांब पडलं. मग डावं उचललं गेलं, आणि टेकण्याआधी क्षणभर हवेत थांबलं. खाली काही तापलेलं आहे का, याची खात्री करावी तसं. मग टेकलं. परत उजवं लांब, परत डावं थांबलं.

ही चाल माझ्या ओळखीची होती. फौंड्री सुटल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या गाड्याकडं जाताना सानिका अशीच चालायची. गर्दीत, पाठमोरी असली तरी ओळखू यायची. आता तीच चाल माझ्या नवऱ्याच्या विजारीत शिरून माझ्याकडं येत होती.

"वृषाली, बघ," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"बघतेय की," मी म्हणाले. तेवढ्यात माझ्या पाठीमागं सानिकाचा हुंदका ऐकू आला आणि माझ्या अंगाची आग झाली.

तुम्हाला वाटेल, काय बाई आहे ही. नवरा पायावर उभा राहिला आणि हिला मत्सर सुचतोय. सुचला खरा. सुचला तर सुचला म्हणायचं, उगाच डोळे पुसत बसायचं नाटक मला जमत नाही.

अजिंक्य शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डर होता, लोखंड ओतायचे साचे करायचा, आणि सानिका तिथं क्रेन चालवायची. एका दुपारी क्रेनची साखळी तुटली आणि साच्याची लोखंडी पेटी त्याच्या पाठीवर आली. मणका मोडला, कमरेखालचं सगळं गेलं. साखळी झिजलीय हे सानिकानं मालकाच्या कानावर आधीच घातलं होतं. कोर्टातही तिनं तसंच सांगितलं. त्यापायी तिची नोकरी गेली, दुसऱ्या फौंड्रीत कमी पगारावर लागावं लागलं. पण तिच्या साक्षीमुळंच मालक तडजोडीला तयार झाला. हे सगळं मला माहीत आहे. उपकार आहेत तिचे. पण उपकार करणाऱ्या माणसावर जळता येत नाही, असं थोडंच आहे? उलट जास्त जळावं लागतं, कारण उघड बोलायची सोय नसते.

आता त्या डबीचं, म्हणजे सेतूचं सांगते. इनामदारांनी मला चार वेळा समजावलं, तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.

चालायचं हे मेंदू ठरवतो. पण कुठला पाय कधी उचलायचा, गुडघा कधी वाकवायचा, हा ठेका पाठीच्या कण्यातल्या, कमरेजवळच्या पेशी धरतात. आपण गप्पा मारत चालतो आणि पायांकडं लक्षही नसतं, ते त्यांच्या जिवावर. मणका मोडला की मधला रस्ता तुटतो आणि मेंदूचा हुकूम खाली पोचत नाही. सेतू नावाचं यंत्र तो तुटलेला रस्ता ओलांडतं. कवटीखाली बसवलेली चकती 'चालायचंय' हा विचार ओळखते, कमरेच्या डबीला कळवते, आणि डबी कण्यावर चिकटवलेल्या पातळ पट्टीतून खालच्या पेशींना विजेचे बारीक झटके देते. त्यानं पाय हलतात.

पण नुसते हलून भागत नाही. दोन वर्षं पडून राहिलेल्या पेशी ठेका विसरलेल्या असतात. नुसते झटके दिले तर दोन्ही पाय एकदम आखडतात. म्हणून सुरुवातीला त्यांना दुसऱ्या कुणाची तरी चाल शिकवावी लागते. ज्याची मांडी, पोटरी आणि वजन रोग्याशी जुळतं, अशा धडधाकट माणसाच्या पायांना पट्ट्या बांधून त्याला चालवतात. कुठला स्नायू कधी आवळला ते टिपून घेतात आणि तो नमुना डबीत भरतात. अशा माणसाला चालदाता म्हणतात. वर्ष-दीड वर्षात पेशी आपला ठेका शोधतात, मग नमुना काढून टाकायचा. तोवर दर महिन्याला जुळणी करावी लागते. पट्टीभोवती शरीर आपलं मांस धरत राहतं आणि झटका भलत्याच जागी लागायला लागतो. जुळणीत तो पुन्हा जागेवर आणतात. दोन-तीन महिने जुळणी झाली नाही तर ते मांस घट्ट होतं आणि सेतू कायमचा मुका होतो.

चालदाता पाहिजे म्हटल्यावर मीच पहिल्यांदा पुढं झाले होते. इनामदारांनी माझ्या पायाला टेप लावली आणि हसू दाबलं. मी पाच फुटाला कमी, अजिंक्य सहा फुटाला टेकलेला. लग्न झाल्यापासून रस्त्यानं जाताना तो कायम चार पावलं पुढं आणि मी मागून पळतेय. कित्येकदा त्याच्या सदऱ्याच्या पाठीशीच बोलत आलेय मी. "तुमच्या चालीनं चालले तर तोंडावर पडतील हो," डॉक्टर म्हणाले. अजिंक्यचा भाऊ बघितला, तोही बुटका निघाला. मग सानिका आली. उंच, हाडापेरानं मोठी. तिची मांडी जुळली, पोटरी जुळली. देवानं माझ्या नवऱ्याच्या मापाची एक बाई केली होती आणि ती मी नव्हते.

तिच्या डाव्या पायाचीही गोष्ट आहे. ती कामाला नवीन असताना तिच्या बुटात लोखंडाच्या तापल्या रसाचा थेंब गेला आणि तळव्याला खड्डा पडला. जखम कधीच भरली, पण पाऊल अजून जपून टेकतं. यंत्राला त्यातलं काय कळणार? त्यानं तिचं जपणंही नमुन्यात घेतलं.

"ते तेवढं थांबणं काढून टाका की," पहिल्याच दिवशी मी इनामदारांना बाजूला घेऊन म्हणाले.

"काढता येईल, पण तोल जाईल. सगळा नमुना त्याच्या भोवती बेतलाय," ते म्हणाले. "तुम्हाला एवढं का खुपतंय ते?"

मी पिशवी उचलून व्हरांड्यात परत आले.

चाल तिची झाली, तेवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. पण तडजोडीची रक्कम मंजूर झाली आणि वकिलांनी आम्हाला बोलावून घेतलं.

"पैसे घ्या," वकील म्हणाले, "पण हातात घेऊ नका."

नव्या कायद्यानं सेतू, दर महिन्याची जुळणी, अजिंक्यचा भत्ता आणि घरच्या मदतनिसाचा पगार हे सगळं सरकार देतं. त्याची मदतनीस मीच होते, आमची चूल त्या पगारावर पेटत होती. पण हे ज्या कुटुंबाकडं मालमत्ता नाही त्यालाच मिळतं. तडजोडीचे पैसे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावर आले की झाली मालमत्ता. मग सगळं बंद. जुळणी पदरच्या पैशानं करायची म्हटली तर ही रक्कम थोड्या वर्षांत फस्त, आणि आम्ही पुन्हा सरकारच्या दारात.

"म्हणजे पाठ मोडल्याची भरपाई, ती ह्यांची कमाई धरतात?" मी विचारलं.

"धरतात. मी काही कायदा केला नाही, पोवारवहिनी. मी फक्त वाट सांगतोय." ती वाट म्हणजे राखीव निधी. पैसे एका विश्वस्ताच्या ताब्यात ठेवायचे. त्यानं अजिंक्यच्या गरजेच्या वस्तू घ्यायच्या आणि पैसे परस्पर दुकानदाराला द्यायचे. आमच्या हातात दमडी द्यायची नाही. मग ती रक्कम आमची धरत नाहीत आणि सरकारी मदत चालू राहते. "विश्वस्त म्हणून बायको चालत नाही," वकील म्हणाले. "कुणाचं नाव घालू?"

अजिंक्यनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "सानिका लोहार," तो म्हणाला.

चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. बाहेर येईपर्यंत कसाबसा धीर धरला. "तुझा भाऊ मेलाय काय?" मी म्हणाले.

"माझ्या भावाला तू ओळखत न्हाईस? वर्षात निधीची मोटारसायकल झालेली दिसंल."

"मग माझा दादा."

"तुझ्या दादानं लग्नातली भांडी अजून परत केली न्हाईत, वृषाली." तो चाकांच्या खुर्चीत मागं टेकला. "अगं, तू कायद्यात बसत न्हाईस. बसत असतीस तर दुसरं नाव घेतलं असतं होय मी?"

तो बरोबर बोलत होता. म्हणूनच माझा राग कुठं जाईना.

त्यानंतर आमच्या घरात प्रत्येक वस्तू सानिकाच्या हातानं यायला लागली. उंबऱ्यावरचा उतार, न्हाणीतली दांडी, गादी, बूट. ती स्कूटरवरून यायची, दुकानदाराशी घासाघीस करायची, फोनवरून पैसे द्यायची. प्रत्येक वेळी मला विचारायची, "वहिनी, ही घेऊ का ती घेऊ?" अजिंक्यला दादा म्हणायची. वागण्यात बोट ठेवायला जागा नाही. तशी जागा असती तर मला निदान भांडता तरी आलं असतं. "तुला बरी वाटेल ती घे," मी म्हणायचे, आणि आणली की तिच्यात खोट काढायचे. तिला उपाशी मात्र कधी पाठवलं नाही. भाकरी थापतानासुद्धा मी तिच्यावर धुमसत असायचे, पण ताट वाढायचेच.

रविवारी ती त्याला टोप गावच्या रस्त्यानं फिरायला न्यायची. मदतनीस म्हणून खरं तर मी जायला पाहिजे होतं, पण मी कामाचं निमित्त काढून घरात राहायचे. तिच्या चालीबरोबर चालायची हौस नव्हती मला. खिडकीतून बघायचे. दोघं एका उंचीची, दोघांचं उजवं पाऊल लांब, दोघांचं डावं एकदम थांबायचं. एकदा पिठाच्या गिरणीत शेजारची मंदाकाकू हसत म्हणाली, "लांबनं बघितलं की त्यातलं तुझं कंचं, कळतच न्हाई गं." मी पीठ तिथंच टाकून घरी आले. संध्याकाळी ते सानिकाच घेऊन आली.

मग दिवाळी जवळ आली. पाडव्याला मी नवऱ्याला ओवाळते आणि तो ताटात ओवाळणी घालतो. अपघाताच्या वर्षी त्यानं काही घातलं नाही, तो दवाखान्यात होता. दुसऱ्या वर्षी उशाशी ठेवलेलं झेंडूचं फूल घातलं. मी ते फूल अंबाड्यात खोवलं होतं. पण यंदा तो चालत होता आणि त्याच्या नावानं पैसे पडून होते.

"यंदा ताटात काय घालणार?" मी विचारलं.

"भत्त्यातनं साडी घेऊ की."

"साडी नको. बोरमाळ पाहिजे. तुझ्या पैशाची, तुझ्या हातानं. तिनं सोनाराला पैसे पाठवून आणलेली नको."

"निधीतनं सोनं घेता येत न्हाई. माहितेय की तुला."

"तुझी चाल तिची, पैसे तिच्याकडं, रविवार तिचा," मी म्हणाले. "अंथरुणात तुझं सगळं काढलं ते मी. माझ्या ताटात काय येतं सांग."

त्यानं फोन उचलला.

सानिका दुसऱ्या दिवशी आली. "दादा, पैसे हातात द्यायचे नाहीत म्हणून वकिलांनी बजावलंय. काय झालं तर तुमची जुळणी बंद होईल," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होते. हात पुसत बाहेर आले.

"राहू दे गं," मी म्हणाले. "पाडव्याला माझ्या नवऱ्यानं मला काय द्यावं, हेही आता तूच ठरवायचंस. ठरव."

तिचं तोंड एवढंसं झालं. ती उठून गेली. पाडव्याच्या आधी अजिंक्यच्या खात्यात पैसे आले. घरदुरुस्ती म्हणून.

गुजरीत, सोनारांच्या पेठेत, तो स्वतः चालत दुकानात शिरला आणि बोरमाळ त्यानं स्वतः निवडली. पाडव्याला मी त्याला ओवाळलं आणि त्यानं ती ताटात ठेवली. मला इतका आनंद झाला की मी ती तिथंच गळ्यात घातली. खोटं कशाला बोलू, त्यातला अर्धा आनंद त्याचा होता आणि अर्धा तिला दाखवायचा. संध्याकाळी तिला मुद्दाम फराळाला बोलावलं. तिच्यापुढं ताट ठेवताना पदर जरा खाली घेतला.

"छान दिसते, वहिनी," ती म्हणाली.

"ह्यांनी दिली," मी म्हणाले.

दिव्यांग कार्यालयात कुणी माणूस आमच्यावर डोळा ठेवून नव्हता. तिथला संगणक सोनाराचं बिल, बँकेचं खातं आणि निधीचा खर्च एकमेकांशी ताडून बघतो. ते काम त्याला रोजचं. फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत अजिंक्यच्या फोनवर निरोप आला. राखीव निधी कुटुंबाच्या वापरात आल्याचं दिसतं. सुनावणी होईपर्यंत सर्व लाभ स्थगित.

पहिल्या महिन्यात काही जाणवलं नाही. दुसऱ्या महिन्यात त्याचं डावं पाऊल थांबायचं ते थांबूनच राहायला लागलं. तो हातानं मांडी उचलून पुढं टाकायचा. पुढं उजवा पायही आखडायला लागला. एका सकाळी तो आमच्याच उंबऱ्यावर पडला, कपाळाला खोक पडली. त्यानंतर तो खुर्चीतून उठला नाही. मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. बोरमाळ मी तांदळाच्या डब्यात तळाशी दडवली.

"संक्रांतीपर्यंत जुळणी झाली नाही तर माझ्या हातात काही राहणार नाही," इनामदारांनी फोनवर सांगितलं.

वकिलांनी आम्हाला दोन्ही बाजू समजावल्या. विश्वस्तानं आपल्या मनानं पैसे दिले असतील तर चूक तिची. तिला काढून टाकतील, रक्कम तिच्याकडून भरून घेतील, वर खटला होईल. घरच्या माणसानं मागून घेतले असतील तर त्या माणसाची मदतनीस म्हणून नोंद कायमची रद्द होईल. "सेतू दोन्हींत चालू होईल," वकील म्हणाले. "कोण बुडणार एवढाच प्रश्न आहे. तुमचा पगार गेला तर घर चालायचं नाही. सानिकाचं नाव घ्या. पैसे तिनंच पाठवलेत, त्यात खोटं काय?"

मला बरं वाटलं. सेतू वाचणार होता, पगार वाचणार होता आणि सानिका आमच्या घरातून जाणार होती. कोल्हापूरला जाईपर्यंत गाडीत मी काय बोलायचं ते मनात घोकत होते. अजिंक्य खिडकीबाहेर बघत होता. एकदाच म्हणाला, "मागितले मी, वृषाली."

"मागायला कुणी लावले?" मी म्हणाले. "तू गप बस. बोलायचं ते मी बोलते."

सुनावणी घेणाऱ्या मॅडम चष्म्याच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा सानिकाला उभं केलं.

"हातात पैसे द्यायचे नाहीत हे तुम्हाला माहीत होतं?"

"होय, मॅडम."

"मग कुणी सांगितलं द्यायला?"

सानिकानं एकदा आमच्याकडं बघितलं. "कुणी नाही. दादांना पाडव्याला वहिनींना काहीतरी द्यावंसं वाटत असंल, म्हणून माझ्याच मनानं दिले. ह्या दोघांना नियम माहीत नव्हता. चूक माझी आहे."

झालं. मला तोंड उघडायचीही गरज उरली नाही. अजिंक्य काहीतरी बोलायला गेला, मी त्याचा हात दाबून धरला. आणि तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला. तो सानिकाकडं बघत होता. बोरमाळ घातली त्या दिवशी त्यानं माझ्याकडं तसं बघितलं नव्हतं. लग्नात अंतरपाट सरला तेव्हाही नाही.

माझ्या डोक्यात भडका उडाला. नोकरी घालवली हिनं. चाल दिली हिनं. पैसे सांभाळले हिनं. आणि आता माझ्या नवऱ्यासाठी बुडायचं, तर त्यातही पुढं हीच. मग मी कशाला आहे? त्याच्यासाठी बुडायचं असेल तर ते माझं काम आहे, तिचा काय संबंध?

"खोटं बोलतेय ती," मी उठून म्हणाले.

मॅडमनी चष्मा वर केला. मी सगळं सांगून टाकलं. बोरमाळ कशी मागितली, सानिका नको म्हणत असताना तिला काय टोमणा मारला, नियम आम्हा दोघांना पाठ होता, सगळं. सांगताना माझा आवाज चढला होता, भांडल्यासारखा. मग पिशवीतून बोरमाळ काढली आणि टेबलावर ठेवली. मणी अजून तांदळाच्या भुकटीनं पांढरे होते.

"तुमची मदतनीस म्हणून नोंद जाईल. कायमची. कळतंय ना?" मॅडम म्हणाल्या.

"कळतंय."

निकाल त्याच दिवशी मिळाला. बोरमाळ विकून पैसे निधीत भरायचे, सानिकाला ताकीद, निधीच्या खर्चाला तिच्या जोडीला दुसऱ्या एकाची सही, माझा पगार बंद, अजिंक्यचे लाभ आणि जुळणी पूर्ववत. पुढं त्याच्यासाठी सरकारनं बापू खोत नावाचे निवृत्त कंडक्टर मदतनीस म्हणून पाठवले आणि मी मसाला कांडपावर कामाला लागले. बापूंना दम लागतो, म्हणून ते बाकावर बसून अजिंक्यला फेऱ्या मारायला लावतात.

मला कुणी थोर म्हणू नका. वकील तसं म्हणाले, मंदाकाकूनं तर गावभर केलं. मी जळून बोलले होते.

कार्यालयाच्या पायऱ्यांवर सानिकानं मला गाठलं. "वहिनी, कशाला बोललासा? मी निभावलं असतं."

"तुझ्यासाठी न्हाई बोलले."

"माहितेय मला." ती पायरीवर बसली आणि डाव्या पायातली चप्पल काढून तळवा चोळायला लागली. "मला पण तुमचा लई राग येतो. घरी गेल्यावर जेवलीस का म्हणून इचारणारं कोण न्हाई मला. तुम्ही तोंड वाकडं करून का हुईना, वाढता. ते बघून दादांचा हेवा वाटतो मला."

मी पिशवी उघडली. सकाळी बांधून आणलेल्या भाकरीतली एक तिच्या हातावर ठेवली. "थंड झालीय," मी म्हणाले.

संक्रांतीच्या आधीच आम्ही मिरजेला गेलो. इनामदारांनी पट्टी तपासली. जुना नमुना आता बसत नव्हता, नवा भरावा लागणार होता. "आता संगणकानं बनवलेली चालही मिळते," ते म्हणाले. "स्वच्छ चाल, कुणाचीच नाही. पण पेशींना पहिल्यापासून शिकवावं लागेल, आणि एवढ्या उशिरानंतर त्या शिकतील याची खात्री मी देत नाही. सानिकाची चाल त्यांच्या ओळखीची आहे. ती लवकर धरतील. कुठली भरू?"

अजिंक्यनं माझ्याकडं बघितलं. या वेळी बघितलं. "वृषाली सांगंल," तो म्हणाला.

कुणाचीच नसलेली चाल. किती दिवस मी हेच मागत होते. आत काचेपलीकडं सानिका बाकावर बसली होती, तिनं पट्ट्या बांधायला सलवार गुडघ्यापर्यंत आधीच दुमडून ठेवली होती.

"तिचीच भरा," मी म्हणाले.

दुपारी त्यानं डबीचं बटण स्वतः दाबलं. तोच व्हरांडा, तेच उजवं पाऊल लांब, तेच डावं थांबलेलं. त्याला भरवसा वाटेना, म्हणून इनामदारांनी मला त्याच्या बाजूला उभं केलं. इतके महिने मी कधी त्याच्याबरोबर चालले नव्हते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी त्याचा हात धरला आणि सवयीनं पळायच्या तयारीत राहिले.

पळावं लागलं नाही. त्याचं लांब पाऊल पडायचं आणि मी मागं राहायचे, पण मग डावं हवेत थांबायचं आणि तेवढ्यात माझी दोन पावलं पडून मी त्याच्या बरोबरीला यायचे. पुन्हा लांब पाऊल, पुन्हा ते थांबणं, पुन्हा मी शेजारी. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. मी मान वर करून बोलले की मला त्याची पाठ नाही, तोंड दिसत होतं. लग्न झाल्यापासून हे कधी झालं नव्हतं.

"दमलीस काय?" त्यानं विचारलं.

"न्हाई. अजून एक फेरी मारू."

निघताना अजिंक्य आणि सानिका पुढं गेले आणि मी इनामदारांच्या खोलीत परत आले. ते माहिती भरत होते. त्यांनी न विचारताच सांगितलं, "काळजी करू नका. वर्षभरात पेशी स्वतःचा ठेका धरतील. मग ते थांबणं निघून जाईल. तुम्हाला खुपत होतं ना?"

मी दार लोटून घेतलं.

"ते तेवढं ठेवता येईल का, डॉक्टर?" मी म्हणाले. "आणि तिला सांगू नका."